माझ्या मागून म्हणा

माझा आवाज मोठा आहे हे मला शाळेवर लागल्यावर कळलं. तोवर मला वाटायचं, सगळेच असे बोलतात. आमच्या घरात तरी बोलायचे. चौलच्या पुढे, नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या मधोमध आमची जिल्हा परिषदेची शाळा होती. चार वर्ग, चार शिक्षक. मुलं तिसरीत माझ्याकडे यायची आणि चौथी संपेपर्यंत माझ्याकडेच असायची. मी पाढे घ्यायला लागलो की शेजारच्या वाडीत माडावर चढलेल्या माणसालाही ते ऐकू जात. संध्याकाळी रस्त्यात भेटला की तो विचारायचा, "गुर्जी, आज सतराचा झाला ना?"

सव्वीस वर्षं मी एकाच पद्धतीने शिकवलं. मी एक ओळ म्हणायचो आणि मुलांना सांगायचो, "माझ्या मागून म्हणा." मुलं म्हणायची. धडा असो, कविता असो, पाढा असो. तपासणीला आलेले अधिकारी दारातूनच खूश होऊन परत जायचे. विहारातही तेच. पौर्णिमेची वंदना मी सांगायचो, जयंतीला भाषण माझं ठरलेलं, आणि गावात किंवा आजूबाजूला मयत झालं की त्रिशरण-पंचशील म्हणायला मलाच बोलावणं यायचं. माईक बंद पडला तर लोक वायरमनच्या आधी मला शोधायचे. मला हे आवडत होतं. आवडत नव्हतं असं सांगणं खोटं होईल.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत दाढी करताना गळ्याशी गाठ हाताला लागली. अलिबागच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. थायरॉइडची गाठ, काढावी लागेल, असं तिथे ठरलं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी समोर बसवून नीट समजावलं होतं, की आवाजाची नस त्या जागेला लागूनच असते आणि क्वचित तिला धक्का बसतो. मी ऐकलं आणि सही केली. क्वचित या शब्दात आपण असू असं सही करताना कोणाला वाटतं?

शुद्धीवर आलो तेव्हा तहान लागली होती. मी बायकोला हाक मारली. ती समोरच खुर्चीवर बसून संत्रं सोलत होती. तिने वर पाहिलं नाही. मी पुन्हा हाक मारली आणि माझ्या लक्षात आलं की तोंडातून नुसती हवा जातेय.

गाठ साधी निघाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "सहा महिने वाट बघू. बहुतेकांचा आवाज परत येतो."

मी जवळच्या कागदावर लिहिलं, "नाही आला तर?"

त्यांनी कागद वाचला. "तर त्या आवाजात जगायला शिकायचं," ते म्हणाले, आणि पुढच्या खाटेकडे गेले. मला त्यांचा राग आला नाही. सरळ माणूस होता.

घरी आल्यावर वेगळीच अडचण उभी राहिली. माझी आई ऐंशीच्या घरातली, दोन्ही कानांनी जवळजवळ बहिरी. इतकी वर्षं तिला माझा आवाज तेवढा ऐकू यायचा. आता माझी कुजबुज तिच्यापर्यंत पोचेना. शेवटी मी एक वही घेतली. मी मोठ्या अक्षरांत लिहायचो, ती चष्मा लावून मोठ्याने वाचायची आणि मग उत्तर द्यायची. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण तिचं वाचन पक्कं होतं. कधी माझी वेलांटी चुकली तर ती बोट ठेवून दाखवायची आणि हसायची.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी मी वर्गासमोर उभा राहून कुजबुजलो तेव्हा मुलांना तो खेळ वाटला. तीही कुजबुजायला लागली. दोन दिवस आमचा वर्ग शाळेतला सगळ्यात शांत वर्ग होता. तिसऱ्या दिवशी खेळ संपला आणि गोंगाट सुरू झाला. मी डस्टर टेबलावर आपटायचो. पाच मिनिटं शांतता, मग पुन्हा तेच. दुपारपर्यंत टेबलावर खडूची पांढरी धूळ साचायची आणि माझा गळा दुखून यायचा.

आठ-दहा दिवसांनी मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावलं. "गुरुजी, ऑनलाइन माहिती भरायची ढीगभर कामं पडलीत. तुम्ही काही महिने ऑफिसचं बघा. तुमचा वर्ग मी सांभाळते."

बाई मनापासून बोलत होत्या. तरी मला ते लागलं. मी मान हलवून नाही म्हटलं आणि वर्गात निघून आलो.

ऑगस्टमधली एक दुपार. पुस्तकातल्या धड्यातलं एक वाक्य मी फळ्यावर लिहिलं आणि दुसऱ्या ओळीत बसलेल्या मुलीकडे बोट दाखवलं, की वाच. ही मुलगी तिसरीपासूनच साऱ्या शाळेला माहीत होती, कारण धडा म्हणताना तिचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. ती उभी राहिली आणि गप्प राहिली. मी पुन्हा फळ्याकडे बोट दाखवलं. ती फळ्याकडे बघेना. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. टक लावून, ओठांकडे. मागची दोन पोरं हसली. मला वाटलं, ही माझी नक्कल करतेय. माझ्या हातात फूटपट्टी होती. मी तिच्या तळहातावर मारली.

एकदाच. पण जोरात.

ती रडली नाही. तिने हात काखेत दाबून धरला आणि खाली बसली. साऱ्या वर्गात जूनपासून झाली नव्हती एवढी शांतता झाली.

सव्वीस वर्षांत मी कुठल्याच मुलाला हात लावला नव्हता. याचा मला अभिमान होता. प्रशिक्षणांत मी उठून सांगायचो, की मुलांना मारावं लागणं हा शिक्षकाचा पराभव आहे, आणि लोक टाळ्या वाजवायचे. त्या दुपारी मला कळलं की मला मारायची गरजच कधी पडली नव्हती. एक हाक दिली की पोरं गप्प बसायची. माझा शांत स्वभाव माझ्या गळ्यात होता. गळा गेला तसा तोही गेला.

शाळा सुटल्यावर मी स्वतः जाऊन बाईंना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आधी पालकांना भेटून या," त्या म्हणाल्या. "पुढचं काय ते मग बघू."

मुलीचे वडील न्हावा शेव्याला कंटेनरच्या ट्रेलरवर होते. पंधरा दिवसांनी एकदा घरी येत. आई वाड्यांतून सुपारी सोलायला जायची. मी गेलो तेव्हा ती दारातच सुपाऱ्यांच्या ढिगापाशी बसली होती. मला बघून मुलगी आत पळाली.

मी म्हणालो, "आज मी हिला मारलं. माझं चुकलं."

तिला ऐकू गेलं नाही. ती हात झटकत उठली आणि जवळ आली. माफी मागताना तेच वाक्य दोनदा म्हणावं लागणं फार अवघड असतं.

"मारलंत?" ती म्हणाली. "ती तर काय बोलली न्हाय मला." मग पदर सावरत, "मारलंत तर मारलंत, गुर्जी. काय केलं असंल तिनं."

"काही केलं नव्हतं. तुम्ही तक्रार केलीत तरी चालेल."

"तक्रार कसली करू? पन तिनं केलं काय, ते तर सांगा."

"फळ्यावरचं वाच म्हटलं. वाचलं नाही."

तिला नवल वाटलं. "वाचलं न्हाय? घरी तर धडाधडा म्हनते की. ये गो, पुस्तक आन तुजं. गुर्जीला वाचून दाखव."

मुलगी पुस्तक घेऊन आली. माझ्यापासून लांब, आईच्या मागे उभी राहिली. पुस्तक उघडलं आणि खणखणीत आवाजात सुरू झाली. गेल्या वर्षी तिसरीत माझ्या मागून म्हटलेला धडा. पहिल्या ओळीलाच मी चपापलो. त्या मुलीच्या तोंडून मी ऐकू येत होतो. मी जिथे थांबायचो तिथे ती थांबत होती. वाक्याचा शेवट मी लांबवायचो, तशीच ती लांबवत होती. आईचा चेहरा फुलला होता. मी मात्र मुलीच्या बोटाकडे बघत होतो. बोट ओळींखालून सरकत पानाच्या तळाशी पोचलं तेव्हा धडा अजून अर्ध्यावर होता. बोट वर गेलं आणि त्याच पानावरून पुन्हा चालू लागलं. पान तर दुसऱ्याच धड्याचं होतं.

मी पुढे झालो आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. "हा शब्द काय आहे?"

ती थांबली. शब्दाकडे न बघता तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

दुपारी तिने नक्कल केली नव्हती. ती माझ्या आवाजाची वाट बघत होती.

पुढच्या आठवड्यात मी वर्गातल्या एकेका मुलाला व्हरांड्यात बोलावलं. पुस्तक उघडायचं आणि कुठल्याही शब्दावर बोट ठेवायचं, एवढंच. निम्म्याहून जास्त मुलांना वाचता येत नव्हतं. धडे सगळ्यांना पाठ होते. मी त्यांना वाचायला शिकवलंच नव्हतं, माझ्या मागून यायला शिकवलं होतं. आणि हे या एका वर्गाचं होतं. आधीच्या वर्गांचं काय? मला तहसील कचेरीत भेटलेला एक माझाच जुना विद्यार्थी आठवला. चांगला तिशीतला बाप्या, अर्ज घेऊन शेजारच्याला "जरा भरून दे रे" म्हणत होता. मला बघून त्याने अर्ज पाठीमागे धरला होता. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, आळशी आहे लेकाचा.

त्या दिवशी घरी आल्यावर मी हे सगळं वहीत लिहून आईपुढे ठेवलं. तिने सावकाश, मोठ्याने वाचलं. माझा गुन्हा तिच्या तोंडून ऐकताना मला तो जास्त मोठा वाटला. वाचून झाल्यावर तिने चष्मा काढला.

"आपन धर्म बदलला तेव्हा मी धा वर्साची," ती म्हणाली. ही गोष्ट मी पूर्वी ऐकली होती, पण तिने सांगितली ती पुढची होती. "बाबानं घरातले देव नेऊन खाडीत सोडले. कोनाडा रिकामा झाला. बाबा खुशीत व्हता. पन आईचा हात संध्याकाळी दिवा घेऊन तिकडंच जायचा. जायचा आनि थांबायचा. लय दिस चाललं तसं. ती रडायची न्हाय, काय न्हाय. नुसती उभी ऱ्हायची."

मी लिहिलं, "मग?"

"मंग एक दिवशी तिनं तिथं माजी पाटी ठेवली. कोन बोललं न्हवतं तिला. दुसऱ्या दिशीपासून दिवा तिथंच लावायची, की पोरीला अभ्यासाला उजेड." तिने वही मिटून माझ्याकडे सरकवली. "गेलेल्याची जागा रिकामी ऱ्हाते रे. हात जातो सवयीनं. जाऊ द्यायचा. आनि मंग तिथं कायतरी आपनच ठेवायचं. दुसरं कोन ठेवत न्हाय."

खरं सांगायचं तर तेव्हा मला हे ऐकून विशेष काही वाटलं नाही. मी जेवलो आणि झोपलो.

दुसऱ्या दिवसापासून काम मात्र बदललं. विचार करून नाही, नाइलाजाने. माझी कुजबुज एका वेळी एकाच मुलापर्यंत पोचत होती, म्हणून मी एकेका मुलापाशी जाऊन बसू लागलो. मुलं सतरंजीवर, मीही सतरंजीवर. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर शब्द लिहिले, भिंतींवर डकवले. मुलांनी पुस्तकातला शब्द भिंतीवर शोधायचा. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी बाकीच्यांबरोबर बसायचं. वर्गात आवाज असायचाच, पण तो मुलांचा एकमेकांशी चाललेला असायचा, आणि मला तो बंद करावासा वाटेनासा झाला. पहिला महिना काहीच हाती लागलं नाही. बाई दारातून बघून जायच्या.

ती मुलगी माझ्याजवळ वाचायला तयार नव्हती. मी शेजारी बसलो की पुस्तक मिटायची. मी उठून जायचो. तिचा तेवढा हक्क होता. दसऱ्याच्या सुमाराला मी मागे बसून वह्या बघत असताना ती मैत्रिणीला काहीतरी वाचून दाखवत होती. अडखळत, एकेक अक्षर उचलून. "कं... टा... ळा. कंटाळा!" आणि दोघी खदाखदा हसल्या. तिच्या आवाजात माझा सूर कुठेच नव्हता. तिचा स्वतःचा आवाज जरा घोगरा होता, हे मला तेव्हा प्रथम कळलं.

त्याच काळात पौर्णिमांना मी विहारात शेवटच्या ओळीत बसायला लागलो होतो. वंदना आता आमच्या अंगणवाडीतली ताई सांगायची. तिचा आवाज बारीक, मध्येच श्वास तुटायचा. आधी आधी मला बसवत नसे. चूक झाली की माझी मान आपोआप हलायची. पण पुढे बसून सांगायचं नसल्यामुळे माझ्याकडे ऐकण्याशिवाय दुसरं काम नव्हतं. घडलेलं सगळं मोडतं, जे आलं ते जातं, ही शिकवण मी किती मयतांपुढे म्हटली असेन त्याला गणती नाही. लोक रडायचे आणि मी स्पष्ट उच्चारांत म्हणायचो. ती समोर निजलेल्याबद्दल आहे असंच मी धरून चाललो होतो. एका पौर्णिमेच्या संध्याकाळी ताईच्या तोंडून ऐकताना ती माझ्या गळ्याबद्दलही आहे, असं मला वाटलं. त्याने दुःख कमी झालं नाही. फक्त माझ्यावर काही खास अन्याय झालाय, हे वाटणं थांबलं.

वंदना संपल्यावर ताई माझ्याकडे आली. "गुरुजी, चुकलं का काही?"

मी नाही म्हणून मान हलवली. दोन ठिकाणी चुकलं होतं.

दिवाळीनंतर मुंबईला तपासणी झाली. नस सावरली नव्हती, आणि आता सावरणार नाही असं डॉक्टर म्हणाले. एक इंजेक्शन होतं, ते घेतलं. त्याने थोडा फरक पडला. आता मला आवाज आहे, पण बारीक, फाटका. फोनवर लोक विचारतात, कोण बोलतंय.

बाईंनी आणि इतर दोघांनी मिळून मला एक छोटा माईक आणून दिला. तोंडाशी तार, कमरेला स्पीकर. परिपाठाच्या वेळी सगळ्या शाळेसमोर त्यांनी तो मला घातला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले. आवाज पुन्हा वर्गाच्या भिंतींपर्यंत जायला लागला. तिसऱ्या दिवशी मी कविता घेत होतो. मी ओळ म्हटली आणि मुलं आपसूक मागून म्हणायला लागली, एका सुरात, जोरात. मला इतकं बरं वाटलं की मी चार ओळी पुढे गेलो. मग माझं लक्ष गेलं. सगळी पुस्तकं मिटलेली होती आणि सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते. त्या मुलीचेही.

मी माईक काढून कपाटात ठेवला.

बाईंना वाईट वाटलं. "आम्ही एवढ्या आपुलकीने आणला, गुरुजी."

"मला कळतंय, बाई. खेळांच्या दिवशी वापरीन. वर्गात नको."

"तुम्ही हट्टी आहात," त्या म्हणाल्या. त्या अजूनही तसंच म्हणतात.

एप्रिलपर्यंत बहुतेक मुलं वाचायला लागली. सगळी नाही. तिघांना अखेरपर्यंत जमलं नाही, आणि ती तशीच पाचवीला गेली. ती मुलगी रेवदंड्याच्या हायस्कूलला जाते. तिची आई बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "बापाचा मेसेज आला की आता तीच वाचते. मला कळत न्हाय म्हनून दोनदा वाचते." मी विचारलं नाही, पण त्या फूटपट्टीची आठवण मुलीला असणार. मला आहे.

कार्यक्रमांत लोक माझी ओळख करून देताना म्हणतात, की संकटाने गुरुजींना घडवलं. आवाज राहिला असता तर मला हवाच होता. कोणी आज परत देतो म्हणालं तर मी घेईन. पण त्याच्यासोबत तो जुना वर्ग नको, एवढं मला ठाऊक आहे. सव्वीस वर्षांतल्या त्या मुलांपैकी कोणी येईल म्हणून शनिवारी दुपारी विहारात मोठ्या माणसांसाठी वाचनाचा वर्ग घेतो. चार-पाच जण येतात. तहसील कचेरीतला तो अजून आलेला नाही.

यंदा माझी बदली पालीच्या पलीकडे एका भातशेतीच्या गावात झाली. शनिवारच्या वर्गासाठी मी घरी येतो. दोन शिक्षकी शाळा, सगळी मुलं मिळून दोन खोल्यांत मावतात. इथे माझा जुना आवाज कोणी ऐकलेला नाही. पहिल्या दिवशी मी बोलायला लागलो तशी पुढे बसलेली एक मुलगी म्हणाली, "गुर्जी, घसा बसलाय काय तुमचा?"

"नाही," मी म्हणालो. "माझा आवाज असाच आहे."

तिने मागच्या ओळीकडे वळून पाहिलं. "मंग मागच्यांना ऐकू कसं येनार?"

"मी जाईन त्यांच्याजवळ."

"बरं," ती म्हणाली, आणि मला वाट देण्यासाठी दप्तर बाजूला ओढलं.